गेटवर नाव चालत नाही

या पोस्टमध्ये फोटो नाहीत. ज्या गावाला गेले त्याचं नावही नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये "ताई, लोकेशन?" असं कोणी विचारणार नाही. नवऱ्याने बजावलंय, छावणीचं नाव, फोटो, रस्ता, काही म्हणजे काही टाकायचं नाही. लग्नाला जाऊन नवरी न बघता परत यावं तसं हे प्रवासवर्णन होणार, पण करता काय!

आतापर्यंत या ब्लॉगवर मी लोणार लिहिलं, सिंदखेडराजा लिहिलं, मेहकरचं देऊळ तर दोनदा लिहिलं. सगळी अशी ठिकाणं, की सकाळी अमडापूरहून निघालं तर संध्याकाळच्या भाकरीला घरी. कारण घरी सहा वर्षांची परी आहे, सासूबाई आहेत, त्यांच्या दोन म्हशी आहेत आणि माझी शाळेची नोकरी आहे. नवरा, विनोद, फौजेत नायक आहे. लग्नाला आठ वर्षं झाली, पण एका छपराखाली आम्ही सलग दोन महिनेसुद्धा काढलेले नाहीत. परी बापाला ओळखते ती फोनच्या चौकटीतल्या तोंडावरून. सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस ती त्याच्याशी लाजून बोलते, आणि ते बघवत नाही.

तर यंदा त्याला क्वार्टर लागलं. रांगेत एक वर्ष गेलं, आता दोन वर्षं कुटुंब सोबत ठेवता येईल. आठवड्याभरात हो म्हणून सही करायची, नाही तर रांगेतल्या पुढच्याला. त्याचा फोन आला, "तू एकदा येऊन पाहून जा. तुझं मन असन तरच हो म्हनू." हो म्हटलं तर नोकरी सोडायची आणि सासूबाईंना एकटं ठेवायचं. नाही म्हटलं तर दोन वर्षांनी तो पुन्हा अशा ठिकाणी जाणार जिथे बायकापोरांना नेताच येत नाही, आणि तोवर परी आठ वर्षांची.

सासूबाईंना मी 'माय' म्हणते, विनोद म्हणतो म्हणून. आदल्या संध्याकाळी त्या दिवा लावत होत्या. दिवा लावताना त्या रोज काहीतरी पुटपुटतात, देवाचं असेल म्हणून मी कधी विचारलं नाही. पुटपुटणं संपल्यावर मला म्हणाल्या, "जाय, पाहून ये. पोरगी राहते माह्याजवळ. ठेचा अन् कुरडया घेऊन जाय त्याच्यासाठी."

सकाळी सातच्या एसटीने खामगाव. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत आम्हा बायकांचंच राज्य असतं. रस्ता आता बरा झालाय, पण एक-दोन ठिकाणी अजून हाडं मोजून घेतो. खामगावहून शेगावला दुसरी गाडी. दर्शनाला वेळ होता, पण मी कळसाला बाहेरूनच हात जोडले, कारण रांगेत उभी राहिले असते तर महाराजांना काय मागायचं तेच माझं ठरलेलं नव्हतं. स्टेशनजवळ गरम कचोऱ्या घेतल्या. प्रवासाला कचोरी नेणाऱ्यांसाठी एक सल्ला: हिरवी मिरची वेगळी बांधून घ्या, नाही तर सगळा डबा ओला होतो. शेगावहून भुसावळ, तिथे गाडी बदलून उत्तरेकडे. स्लीपरचं तिकीट महिनाभर आधी काढा, आयत्या वेळी मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतच मेसेज आला. "हुकूम आला. पलटण फायरिंग रेंजवर जाऊन राह्यली, तीन दिवस. फोन जमा करावा लागते. पास गेटवर हाये. शेजारच्या भाभीले सांगतलं. सॉरी." लगेच फोन लावला, बंद. सीटखाली ठेचा, कुरडया, कचोऱ्या, आणि मी खिडकीतून अनोळखी गहू बघत बसले. रडू आलं खरं सांगते. समोरच्या बाईंनी विचारलं, "कहाँ जा रही हो बेटा?" मी म्हटलं, "घरवाले के पास." आणि त्यावर मलाच हसू आलं.

दुपारी पोचले. स्टेशनवरून बॅटरीच्या रिक्षाने गेट. गेटवर बंदूक घेतलेला जवान, खिडकीत रजिस्टर घेऊन दुसरा. मी ऐटीत सांगितलं, "नायक विनोद, उनका पास है मेरे नाम का." त्याने रजिस्टरवरून बोट फिरवलं. "मैडम, नाम से नहीं निकलेगा. विनोद चार हैं. आर्मी नंबर बताइए."

आर्मी नंबर! मला त्याच्या शर्टाचं माप माहीत आहे, रक्तगट माहीत आहे, कोणत्या दाढेत चांदी भरलीय तेही माहीत आहे. आठ वर्षांत त्याचा नंबर मात्र मी कधी वाचलासुद्धा नाही. जवान म्हणाला, "डिपेंडेंट कार्ड पर लिखा होगा." कार्ड होतं की! हरवू नये म्हणून लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवलं होतं. अमडापूरला. मागे एक ट्रक हॉर्न देत होता. जवानाने मला झाडाखालच्या बाकावर बसायला सांगितलं. चांगला होता बिचारा, पाणी दिलं, पण गेट काही उघडेना.

घरी फोन लावला. माय म्हणाल्या, "पोचली का व?"

म्हटलं, "पोचले, पण बाहेरच बसले आहे. माय, परीला पेटी उघडायला सांगा, शालूत कार्ड आहे, त्याच्यावरचा नंबर वाचू दे."

"पेटीची किल्ली तं तू घेऊन गेली!"

खरंच की. पर्समध्ये खुळखुळत होती. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "मग दगडाने कुलूप तोडा."

"कुलूप काऊन तोडू? कोनता नंबर पाहिजे, त्याचा फौजीतला? मले पाठ हाये. लिवून घे."

आणि माय, ज्यांना सही येत नाही, ज्या अजून एसटीची पाटी दुसऱ्याला विचारतात, त्यांनी एका दमात सगळे आकडे सांगितले. शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, तेसुद्धा सांगितलं. मी तळहातावर लिहिलं. जवानाने रजिस्टरशी ताडून पाहिलं आणि पास माझ्या हातात दिला.

मी फोनवर विचारलं, "माय, तुम्हाला हे कसं काय पाठ?"

त्या म्हणाल्या, "लढाई-गिढाई झाली का टीवीवर नावं सांगतेत ना व. नावाचे लय असतात. नंबर एकच रायते. मंग मास्तरकडून पाठ करून घेतला, तो भरती झाला तवाच. जाय आता आत, उन्हात बसू नको."

त्या बाकावर मी आणखी पाच मिनिटं बसून राहिले. जवानाला वाटलं मला पास वाचता येत नाही.

आत गेल्यावर छावणी म्हणजे कशी, तर अतिशय नीटनेटकी. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, रस्त्याच्या कडेचे दगडसुद्धा रंगवलेले. पालापाचोळा दिसणार नाही. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, ओल्या चुन्याचा वास. दारात शेजारच्या भाभी, पाहण्यापुरती मिळालेली किल्ली घेऊन उभ्या होत्या. हिमाचलच्या आहेत, वयाने माझ्याएवढ्याच. माझं नाव त्यांनी विचारलंच नाही. "आप विनोद भाईसाब की मिसेज?" इथे आपण मिसेजच असतो, मनाची तयारी करून जा. मी गॅस शोधायला लागले तर त्यांनी हात धरला. "आज चूल्हा नहीं जलाना. पहले दिन पड़ोस से आता है, यहाँ का यही है." राजमा, भात, वर आंब्याचं लोणचं. मी त्यांना कचोऱ्या दिल्या. एक खाऊन त्यांचे डोळे पाण्याने भरले, मिरचीने.

गॅलरीत एका पत्र्याच्या डब्यात कढीपत्ता होता, चांगला कमरेएवढा. भाभी म्हणाल्या, आधीच्यांचाही नाही, त्यांच्या आधी कोणीतरी लावलेला. जाणारा पाणी घालून जातो, येणारा घालत राहतो. सामानाच्या यादीत पंखे, नळ, बल्ब सगळं लिहिलेलं असतं, पण हा डबा कुठेच लिहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा पाहिली. परीला सहज प्रवेश मिळेल, दाखला तेवढा हवा. कँटीनमध्ये सामान स्वस्त आहे, पण कार्डाशिवाय काही मिळत नाही, आणि कार्ड कुठे आहे ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून बाहेरच्या बाजारातून भाजी आणली. येताना बिगुल वाजला. मी आपली तरातरा चालतेय, तर भाभींनी माझं कोपर धरलं. बघते तर सगळा रस्ता थांबलेला, सायकलवाले उतरून उभे, झेंडा खाली येत होता. मी पिशवीतल्या पालकासकट ताठ उभी राहिले. शरमेने कान तापले.

त्यानंतर प्रत्येक जण आपापल्या घरात गेला. आमच्याकडे ही वेळ म्हणजे ओट्यावर बायका, म्हशीचं दूध, कोणी ना कोणी "काय करून राह्यली व?" म्हणत येतंच. इथे मी गॅलरीत उभी राहिले आणि समोरच्या इमारतीतल्या खिडक्या बघत होते. जवळजवळ प्रत्येक खिडकीत एक बाई आणि एक-दोन मुलं, कारण सगळ्यांचेच नवरे रेंजवर. भाभींना विचारलं, "असं किती वेळा होतं?" त्या म्हणाल्या, "महीने में आधे दिन समझो." पाच वर्षांत त्यांचं हे तिसरं क्वार्टर. आधीच्या दोन्हीकडच्या मैत्रिणींची नावं सांगताना एक नाव त्यांना आठवेना.

मी आत येऊन पलंगावर पडले. कुरडयांचा डबा उघडला, पण एकटीने तळायचा कंटाळा आला. एवढ्या शिस्तीच्या, सुरक्षित जागेत इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. मनाशी ठरवून टाकलं, नाही. एकटंच राहायचं असेल तर अमडापूरला राहू, तिथे निदान माय आहेत.

तिसऱ्या दिवशी परतीची गाडी. छावणी पाहायला गेले आणि नवरा सोडून सगळं पाहून आले. ठेचा आणि कुरडया भाभींकडे ठेवल्या, कढीपत्त्याला पाणी घातलं. गाडी सुटून तासभर झाला असेल, त्याचा फोन आला, आवाज धुळीने बसलेला.

"कसं वाटलं?"

"तुमच्याशिवाय कसं वाटतं ते कळलं."

तो म्हणाला, "मंग नाई म्हनून सांगू?"

"घरी जाऊन सांगते," मी म्हटलं.

शेगावला उतरून खामगाव, खामगावहून अमडापूर. दुपारी घरी. परीने आधी कचोरी मागितली, मग मला मिठी मारली. माय म्हशीला पाणी पाजून आल्या आणि बसल्या. मी सगळं सांगितलं. भाभी, बिगुल, रिकाम्या संध्याकाळी. "तो महिन्याचे पंधरा दिवस नसतोच माय. नाही जात आम्ही. तुम्ही इथे एकट्या..."

"पंधरा दिवस असते ना?" माय म्हणाल्या. "आता वर्षाले किती असते? पोरीले बाप पाहिजे. तू जाय."

"मग तुम्हीपण चला."

"म्या? म्हशीले कोन पाह्यल? अन् तिथं कोनाशी बोलू, त्या हिंदीवाल्या बाईशी?" मग पदर सावरून माझ्या जवळ सरकल्या. "त्याचा तं हाये मले पाठ. आता तुमचा दोघीचा सांग. खोलीचा नंबर काय हाये?"

मी सांगितला. त्यांनी तीनदा म्हणवून घेतला, एकदा परीनेही म्हटला. संध्याकाळी विनोदला फोन केला, "सही करून टाका." फोन ठेवून पेटी उघडली आणि कार्ड शालूतून काढून पर्समध्ये ठेवलं.

त्याच संध्याकाळी माय दिवा लावत होत्या. आठ वर्षांत पहिल्यांदा मी काम सोडून ऐकत उभी राहिले. पुटपुटत होत्या ते देवाचं नव्हतं. आधी विनोदचा नंबर म्हटला, एका दमात, मी गेटवर असताना सांगितला होता तसाच. मग आमच्या क्वार्टरचा सुरू केला आणि तिसऱ्या आकड्याला अडल्या. मी दारातूनच सांगितला.