टपावर न चढलेली सायकल

शेजारच्या एसटीडी बूथवाल्याने अर्ध्या शटरवर थाप मारून सांगितलं, गावाकडून फोन आहे, लवकर या. बीडमध्ये कापडाचं दुकान टाकल्यापासून गावाकडचे फोन मला दोनच तऱ्हेचे येतात, लग्नाचे नाही तर मरणाचे; आणि वैशाख सरत आल्यामुळे लग्नं संपत आली होती. पलीकडून अप्पाचा थोरला बोलत होता. "काका, अप्पा गेले. धारूरच्या घाटात... सायकल खाली वस्तीवर ठिवलीय." मी पहिला प्रश्न विचारला तो, सायकल कोणाच्या वस्तीवर? माणूस गेल्याचं सोडून हा सायकलची चौकशी करतो, म्हणून बूथवाला माझ्याकडे बघतच राहिला. पोरगं म्हणालं, साळूबाईच्या. तेव्हा मात्र मी तिथल्याच स्टुलावर बसलो.

महालिंग माझा चुलतभाऊ, वर्षा-दोन वर्षांनी मोठा. नांदूरघाटाकडचं आमचं सगळं गाव त्याला अप्पाच म्हणायचं. वाण्याच्या घरात जन्मून त्याला गल्ल्यावर बसणं कधी जमलं नाही. सुया, दोरे, बटणं, कंगवे, काजळाच्या डब्या पत्र्याच्या पेटीत भरायच्या, पेटी सायकलच्या कॅरियरला बांधायची आणि सायकल एसटीच्या टपावर टाकून धारूर गाठायचं, असा त्याचा धंदा. धारूरहून घाट उतरत वस्त्यावस्त्यांवर माल विकायचा, तेलगावचा बाजार करायचा आणि संध्याकाळच्या गाडीवर पुन्हा सायकल चढवून घाट चढायचा. मी त्याला म्हणायचो, तू सायकलवर बसतोस त्याहून जास्त ती एसटीवर बसते.

टपावरची सायकल तो दुसऱ्या कुणाला बांधू देत नसे. खालून कंडक्टर ओरडायचा, आणि हा वर आपला निवांत. दोर अंबाडीचा, घरी मांडीवर वळलेला. गाठ मारली की तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, ही त्याची पद्धत. अंबाडी भिजली की गाठ अशी आवळते की मग कितीही खड्डे येवोत, ती हलत नाही. नवरा-नवरीची गाठ मारायला भटजीपेक्षा अप्पाला बोलवा, अशी गावात थट्टा चालायची, आणि त्याला ती आवडायचीसुद्धा.

ते दिवसच असे होते की बाजारात दर आठवड्याला काहीतरी नवं दिसायचं. शाम्पूच्या पुड्या, प्लास्टिकच्या घागरी, झकपक रंगाच्या चपला... तेलगावच्या बाजारात अप्पाने असाच एक निळाशार नायलॉनचा दोर घेतला. हलका, कुजायचं नाव नाही, हातातून सळसळत जाणारा. लहान पोरासारखा खूश होऊन त्याने परतीच्या गाडीवर सायकल त्या दोरानेच बांधली. गाठ तीच, वर्षानुवर्षांची. आणि सवयीने तिच्यावर पाणीही ओतलं. घाटातल्या वळणावर ती ओली गाठ घसरत घसरत सुटली. कडेला बिरू नावाचा मेंढपाळ गाडी जाऊ दे म्हणून मेंढरं आवरून उभा होता. पेटीसकट सायकल वरून त्याच्या डोक्यात पडली. दवाखान्यापर्यंतही तो पोचला नाही. सायकलच्या मडगार्डला पोचा आला, बाकी ती धडधाकट होती.

पंचनामा झाला, अपघात म्हणून नोंद झाली. ज्याचं त्याचं कपाळ, असं चारचौघांसारखं मीही अप्पाला म्हणालो. तो म्हणाला, "कपाळ त्याचं हाय. गाठ माझी हाय." त्यानंतर तो एसटीत बसायचा तो सायकल घरी ठेवून, त्याच्या हयातीत सायकल टपावर म्हणून पुन्हा चढली नाही. तेलगावच्या बाजाराला आदल्या दिवशीच सायकल मारत निघायचा, धारूरला मठात मुक्काम करायचा, सकाळी घाट उतरायचा. आणि परतताना, चढ लागायच्या आधी, बिरूच्या वस्तीवर थांबायचा. तिथे बिरूची बायको साळूबाई एकटीच मेंढरं सांभाळून होती. तिच्या मेंढरांच्या वाड्याला लागणारे दोर अप्पा अंगणातल्या दगडावर बसून वळून द्यायचा. ती ते घ्यायची. या म्हणायची नाही, जा म्हणायची नाही. सात-आठ वर्षं हे असं चाललं.

एकदा हट्टाने मी भाड्याची सायकल घेऊन त्याच्यासोबत गेलो. बाजार उरकून आम्ही घाटाच्या पायथ्याशी आलो. वस्तीच्या अलीकडे एक लिंब आहे, तिथे अप्पा उतरला, हँडलला अडकवलेली वॉटरबॅग काढली आणि सगळं पाणी झाडाच्या बुडात ओतून टाकलं. शाळेतल्या पोरांची असते तसली निळी वॉटरबॅग. मी म्हणालो, काहून रे, झाड लावलंयस का? तापलंय ते पाणी, म्हणाला. मला पटलं. वस्तीवर बसल्यावर माझा घसा कोरडा पडला. रांजण समोर, त्यावर तांब्या पालथा. मी तोंड उघडणार तेवढ्यात अप्पाने माझा गुडघा दाबला. साळूबाई मेंढराच्या पायातला काटा काढत होती, तिने मान वर केली नाही. आमच्याकडे वैरी दारात आला तरी आधी पाणी विचारतात. तिने विचारलं नाही. घाट चढताना मी चिडून बोललो, तेव्हा अप्पा एवढंच म्हणाला, "त्या घरात पानी मागायचं न्हाई. तिनं दिलं तर प्यायचं." त्याला तेवढंच हवं होतं. एक तांब्या पाणी, तिच्या हातचं.

परवाच्या वैशाखात, भर दुपारी, बाजाराहून परतताना अप्पा घाटात बसला तो उठलाच नाही. सायकल बाजूला आडवी आणि हा कठड्याला पाठ टेकून. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले. घाटात त्या दिवसांत थेंबभर पाणी नसतं. मिळेल त्या जीपमधून लोकांनी त्याला वर नेलं आणि सायकल खालच्या वस्तीवर टाकली. आमच्यात माणसाला बसवूनच मूठमाती देतात. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, खड्ड्यात तो असा बसला होता की आता मांडीवर अंबाडी घेऊन वळायला लागेल... वहिनी रडता रडता मला एकच विचारत होती, पाण्याची पिशवी नेलती की, मग असं कसं झालं? मी काय सांगणार! मला रागच आला होता, त्याचा, त्या बाईचा, त्या घाटाचा.

दिवस झाल्यावर सायकल आणायला मी घाटाखाली गेलो. चार शब्द सुनवायचे असं ठरवूनच गेलो होतो. साळूबाईने मला पाहिलं, उठली, रांजणातून तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढे धरला. मी अप्पाचा भाऊ, हे तिला ठाऊक होतं. मी पाणी घेतलं. दोन घोट पिऊन तांब्या खाली ठेवला. मग तीच बोलली, जमिनीकडे बघत.

"यायचे तवा ती निळी पिशवी रिकामी असायची. मला दिसायचं की. मला वाटायचं, आज मागतील. पान्याला काय न्हाई म्हनले असते का मी?"

मी विचारलं, त्या दिवशी?

"त्या दिवशी बी न्हाई मागितलं. लई येळ बसलते."

मी उठून सायकल घेतली. तिने आतून अंबाडीचा दोर आणून दिला, त्यानेच वळलेला. गाडी आली तेव्हा मी टपावर चढलो आणि सायकल बांधली. माझ्या गाठीवर माझा भरवसा नव्हता, म्हणून चार-पाच मारल्या. साळूबाईने खालून तांब्या वर दिला, मी तो गाठींवर रिता केला. घाट संपेपर्यंत खिडकीतून मान काढून मागचा रस्ता बघत होतो.

सायकल आता माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. वहिनीला ती दारात नको होती. वॉटरबॅग अजून हँडललाच आहे. परवा झाकण उघडून पाहिलं. आतून कोरडीठाक होती.