गाठीच्या गोष्टीतून गाळलेलं वाक्य

नीलाच्या पोटात काही राहत नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. खरंच आहे ते. माझं बाळंतपण, नवऱ्याचं घोरणं, सासूबाईंनी विमानात मागितलेला तांब्या — सगळं मी अमेरिकेतल्या या गावातल्या प्रत्येक घराच्या बेसमेंटमध्ये उभी राहून सांगितलेलं आहे. हावभावांसकट. हे एवढं एक सोडून. हे श्रीकांतलाही, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही, माहीत नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असाल, तर आता जरा नीट ओळखाल.

पण आधी ती गाठीची गोष्ट सांगते. सवयच आहे — आणि तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझ्या पाठीवर, ब्रेसियरचा पट्टा बसतो बरोबर तिथे, एक गाठ होती. अकरा वर्षं. आधी वाटाण्याएवढी, मग बोराएवढी, मग चांगली सुपारीएवढी. दुखत नव्हती, नुसती राहत होती. मी तिला भाडेकरू म्हणायचे. मग २००३च्या थंडीत भाडेकरू एकदम लाल झाला, ठणकायला लागला, आणि ऑफिसात मी खुर्चीला पाठ न टेकता राणीसारखी ताठ बसायला लागले. शेवटी डॉक्टर. वीस मिनिटांचं काम. पालथं झोपायचं, खाली कुरकुरणारी कागदी चादर, अंगात मागून उघडा झगा. एक सुई, मग पाठ बधिर. डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचा. कापता कापता मला मासेमारीच्या गमती सांगत होता. झाल्यावर विचारलं, बघायचीय? मी कधी काही बघायला नाही म्हटलंय? स्टीलच्या वाटीत ती पिशवी — आत किसलेल्या पनीरसारखं काहीतरी, आणि वास तर असा, की जाऊ दे. ड्रेसिंग कसं बदलायचं ते ऐकायला श्रीकांतला आत बोलावलं. त्यानं वाटीत पाहिलं आणि भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. मग नर्स त्याच्या तोंडावर पाणी मारतेय आणि मी पाठ उघडी, हातात वाटी, अशी मध्येच उभी.

ही गोष्ट मी श्रीखंड वाढायच्या वेळेला सांगायचे. मुद्दाम. टाके चार पडले होते. गोष्टीत ते कधी सात व्हायचे, कधी अकरा.

आता ते गाळलेलं वाक्य.

टाके घातल्यावर तो पोरगा डॉक्टर स्टूल ओढून माझ्यासमोर बसला होता. म्हणाला, तुमची गाठ साधी होती — मऊ, बोटाखाली सरकणारी. पण कधी कडक गाठ लागली, दाबली तरी जागची न सरकणारी, तर ती मैत्रिणीला दाखवायची नाही, मला दाखवायची. लगेच. त्यानं माझं बोट धरून माझ्याच मनगटाच्या हाडावर ठेवलं. म्हणाला, अशी लागते.

पहिल्यांदा गोष्ट सांगितली तेव्हा मी हे वाक्य सांगितलं होतं. कुणी हसलं नाही. कुणीतरी म्हणालं, पापड इकडे द्या. दुसऱ्यांदा मी ते गाळलं आणि श्रीकांतच्या पडण्यावर संपवलं — काय हशा झाला. तेव्हापासून ते गाळलेलंच. एवढ्याशा गोष्टीत काय गुन्हा? नाहीच. गुन्हा पुढे आहे. मी त्याच्याभोवती फिरते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मेधा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. ओहायोतल्या कोलंबस शहराच्या या उपनगरात, डब्लिनमध्ये, आली तेव्हा नवी नवरी होती, आणि आमच्याकडेच पहिला बर्फ उपसायला शिकली. २००४च्या उन्हाळ्यात तिचं बाळंतपण होतं, म्हणून तिची आई सांगलीहून आली. सहा महिन्यांसाठी. सुमनकाकू. बारीक चणीच्या, सुती नऊवारीतून नुकत्याच पाचवारीत आलेल्या, आणि हसायला लागल्या की आवाज न करता नुसत्या हलणाऱ्या. डोळ्यांतून पाणी यायचं, पदर तोंडात जायचा, पण आवाज नाही. माझ्यासारखीला असा श्रोता मिळणं म्हणजे काय, सांगू? काकूंनी गाठीची गोष्ट माझ्याकडून पाचदा तरी सांगवून घेतली. श्रीकांत समोर दिसला की पदर तोंडात.

बारशाच्या दिवशी घर भरलं होतं. पाळणा झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. स्वयंपाकघरातून मला हाका येत होत्या — नीलाताई, श्रीखंड आलं, गोष्ट. तेवढ्यात काकूंनी माझा हात धरला आणि लाँड्रीच्या खोलीत नेलं. ड्रायरमध्ये बाळाची दुपटी फिरत होती. त्यांनी दार लोटलं. पदर बाजूला केला.

"तुझ्यासारखीच आहे का गं? बघ की."

डावीकडे, गळ्याच्या हाडाच्या वर. फारशी दिसतही नव्हती. मी बोट ठेवलं.

ती कडक होती. मी दाबली. सरकली नाही. बाजूनं दाबली. सरकली नाही. माझं बोट माझ्या मनगटावर ठेवणारा तो डॉक्टर मला त्या खोलीत स्पष्ट दिसला — तुम्हाला समोरचं पान दिसतंय तसा.

मग मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हसायच्या तयारीत होता. कळतंय ना तुम्हाला? घाबरलेला नव्हता. त्या माझ्याकडे आल्या होत्या, कारण मी गाठींची गंमत करणारी बाई होते. त्यांना हवी होती ती गंमत. आणि माझ्याकडे ती तयार होती.

"काकू, हा तर माझाच भाडेकरू," मी म्हटलं. "मी घराबाहेर काढला, तर तुमच्याकडे सामान घेऊन आला की."

त्या हलायला लागल्या. पदर तोंडात. ड्रायरला टेकून हसत राहिल्या.

"मेधाला बोलू नकोस हं. ओली बाळंतीण आहे. आणि त्या विम्याचं जावई सांगत होते — जुनं दुखणं निघालं तर काही मिळत नाही म्हणे. उगाच त्यांना घोर."

तुमच्या घरी कुणाचे आईवडील इकडे येऊन राहिले असतील, तर पुढचं वाक्य तुम्हाला पाठ असेल. आम्ही सगळे ते म्हणतो. दातांना म्हणतो, गुडघ्यांना म्हणतो, मोतीबिंदूला म्हणतो. पाहुण्या आईबापांना इथे डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे एक भानगड, म्हणून आम्हाला ते वाक्य फार सोयीचं. मीही म्हटलं. "सांगलीला गेल्यावर दाखवा सावकाश."

सावकाश — हा शब्द माझा. तो तिथे लागतही नव्हता.

आणि बाहेर जाऊन मी गोष्ट सांगितली. अकरा टाके. काकू दाराशी उभ्या राहून हलत होत्या.

त्यांचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. मधे अकरा आठवडे. अकरा आठवड्यांत माणूस काय काय करू शकतं? मी एक फोन करू शकत होते. मेधाला नाही तर जावयाला. तोही नाही तर काकूंना सरळ गाडीत घालून त्या पोरग्या डॉक्टरपुढे उभं करू शकत होते — माझ्या घरापासून बारा मिनिटं. पहिल्या आठवड्यात वाटलं, मला काय कळतंय, मी काय डॉक्टर आहे? दुसऱ्या आठवड्यात वाटलं, शब्द दिलाय. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र खरं काय ते मला कळत होतं. आता सांगायचं म्हणजे बारशाच्या दिवशी का नाही सांगितलं, ते आधी सांगावं लागणार होतं. दर आठवड्याला ते एका आठवड्यानं वाढत होतं.

आणि काकू? त्या मला भेटल्या की पदरावर दोन बोटं ठेवायच्या आणि डोळा मारायच्या. सहासष्ट वर्षांची बाई. "भाडेकरू बरा आहे हो," म्हणायच्या. आमचं दोघींचं गुपित. डिंकाचे लाडू वळायच्या, स्वतः खायच्या नाहीत. मी बघत होते. गळ्याचं हाड वर येत होतं, पाटली मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होती. मेधा म्हणायची, आई वाळलीस गं. आणि मी — मीच — म्हणायचे, अगं, इथलं पाणी मानवत नाही एकेकाला. सगळे मान हलवायचे. माझं लोकांना पटतं.

विमानतळावर मी गेले होते. काकूंनी मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाल्या, "पुढच्या खेपेला नवीन गोष्ट तयार ठेव."

कॅन्सर पोटाचा होता, गळ्याची गाठ त्याचीच. जानेवारीत कळलं. मेधा तान्ही मुलगी घेऊन जाऊन आली. त्यानंतर रोज फोनकार्ड घासून ते लांबलचक आकडे फिरवायची, आणि मी तिच्या शेजारी बसून बाळाला मांडीवर घ्यायचे. नातीच्या पहिल्या वाढदिवसाआधी काकू गेल्या. तेव्हाच दाखवलं असतं तर उपयोग झाला असता का, हे मी आजवर कुठल्या डॉक्टरला विचारलेलं नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागेल.

गुन्हा हा, असं वाटत असेल ना तुम्हाला? अजून आहे.

दिवसकार्य झाल्यावर मेधा माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. चहा निवून गेलेला. म्हणाली, "नीलाताई, तिकडचे डॉक्टर म्हणाले, गळ्याची गाठ बरेच महिने असणार. म्हणजे इथे होती तेव्हाही. तुमच्याशी आई एवढं बोलायची. तुम्हाला कधी काही बोलली होती का हो?"

मी म्हटलं, "नाही गं."

एवढ्यावर थांबले असते तर ते नुसतं खोटं असतं. माणसं बोलतात खोटं. पण मी थांबले नाही. मला थांबता येत नाही, वाक्याला पुढे काहीतरी जोडल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हटलं, "मला बोलल्या असत्या तर हाताला धरून नेलं नसतं का मी त्यांना?"

आणि माझा आवाज भरून आला. बरोबर जिथे यायला हवा तिथे.

मेधा उठली आणि मला बिलगली. तिचा हात माझ्या पाठीवर होता. म्हणाली, "मला माहितीये. म्हणून तर विचारलं." मग बराच वेळ स्वतःलाच बोल लावत राहिली — मी कसं पाहिलं नाही, माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत. मी तिच्या केसांवरून हात फिरवत ते ऐकून घेतलं. ती अजूनही तसंच म्हणते. नुकतं मागच्या महिन्यात म्हणाली. मुलगी आता चार वर्षांची आहे. मला आजी म्हणते.

गोष्ट मी बंद केली होती. वर्षभर. मग गणपतीतल्या जेवणाला मेधानंच सगळ्यांसमोर हट्ट धरला. म्हणाली, आईला फार आवडायची, तिच्यासाठी सांगा.

मी उभी राहिले. भाडेकरू, राणीसारखी खुर्ची, कुरकुरणारी चादर, वाटी, श्रीकांत खाली. एकही जागा चुकली नाही. मेधा हसली, आईसारखीच, आवाज न करता, नुसती हलत. डॉक्टरचं वाक्य तेव्हाही मी गाळलं.

टाके चारच होते. आणि काकूंची गाठ सरकत नव्हती, ते माझ्या बोटाला कळलं होतं.