डोंगर वरच्या बाजूला

ठकुबाईंचा अंगठा मी संमतिपत्रावर घेतला होता. शाई अद्याप ओली होती. तेवढ्यात त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट टेकवून विचारले, "भाऊ, ह्यो वढा डोंगर कसा चढतोय?"

पोलादपूरच्या कचेरीबाहेर मी अनेक वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण सातवीपर्यंतचे, तथापि माझा मसुदा परत आल्याचे उदाहरण तालुक्यात सापडणार नाही. ठकुबाईंच्या ओढ्यावर छोटे धरण प्रस्तावित होते. आठ दिवसांनी जनसुनावणी होती, म्हणजे ज्यांची घरेदारे जाणार त्यांचे म्हणणे अधिकाऱ्यांनी समक्ष ऐकून घेणे. त्यासाठी इंजिनिअर साहेबांनी व्हरांड्यात ब्लू प्रिंट लावली होती.

तिच्यावर सगळ्याच रेषा निळ्या. त्यांतली एक तुटक रेषा बुडीत क्षेत्राची, म्हणजे पाणी भरल्यावर जेवढी जमीन बुडेल तिची हद्द. ती माझ्या ध्यानात आली नाही. पाणी खाली साठते, आणि ठकुबाईंची वरची धनगरवाडी तर कागदाच्या तळाशी. सबब ती बुडणार, असा निर्वाळा मी दिला. त्यावर विसंबून त्या घर सोडण्यास राजी झाल्या. त्यांची लेक सगुणा खालच्या वाडीत दिलेली. तिचे घर कागदाच्या माथ्यावर, म्हणून ती निर्धास्त होती.

"झरा माज्या घरामागं," ठकुबाई म्हणाल्या. "तितून पानी सगुणाकडं उतरतं. हितं तर वर गेलंय."

मी साहेबांना गाठले.

"नकाशात उत्तर वर असते," ते म्हणाले. "ओढा उत्तरेकडे वाहतो. बरोबर आहे."

"वाडीवर वर म्हणजे डोंगर, साहेब."

"मग काय उलटा टांगू? अक्षरे उलटी होतील."

"ज्यांना वाचता येत नाही, त्यांना सुलट्या अक्षरांचा तरी काय उपयोग?"

"तुम्हाला येते वाचता. त्याचा उपयोग आत्ताच पाहिला मी."

मग साहेबांनीच पेन्सिलीने ती तुटक रेषा मला दाखवली. वरची वाडी तिच्या बाहेर होती. खालची आत.

संमतिपत्र मी माझ्या हाताने फाडले. त्यानंतर मांजरपाटाचे दोन तुकडे जोडून नवा नकाशा काढायला घेतला. डोंगर गेरूने, माथ्याकडे. घरे कोळशाने. घर ओळखू यावे म्हणून ठकुबाई शेजारी बसून खुणा सांगत होत्या: इथे फणस, इथे गोठा, सगुणाच्या दाराशी जांभूळ. शेवटी कपड्याची नीळ कालवून पाणी भरू लागलो. जांभळापाशी माझा हात थांबला.

ठकुबाईंनी निळीची वाटी माझ्याकडे सरकवली.

"नीळ फिरव की रे," त्या म्हणाल्या. "तू नाय फिरवलंस तर तिला कोन सांगंल?"

सुनावणीच्या दिवशी शाळेच्या पडवीत ते कापड टांगले. ब्लू प्रिंटपुढे कोणी थांबले नाही. कापडापुढे माणसे आपापले घर शोधू लागली. सगुणाने जांभूळ शोधले आणि निळीवर तळवा ठेवला.

"आये, तुजं वाचलं गो."

"माज्या घरापल्याड सपाटी हाय," ठकुबाई म्हणाल्या. "आपलीच. भाऊ, लिव. खालच्या वाडीची घरं तितं बसवा म्हनावं."

मी लिहिले. त्या दोन ओळींत माझा एकही शब्द नव्हता. साहेबांनी त्या वाचून दाखवल्या आणि इतिवृत्तात घेतल्या. पुढे धरण झाले. सरकारने खालच्या वाडीला दूरची जागा नेमली होती. ती रद्द होण्यास अनेक हेलपाटे लागले, पण ती घरे अखेर सपाटीवरच बसली.

तेव्हापासून कोणताही नकाशा समोर आला, की पाणी कुठून कुठे जाते हे मी प्रथम तिथल्या माणसाला विचारतो. निर्वाळा त्यानंतर देतो, आणि तोही पूर्वीपेक्षा हळू आवाजात.