अम्माचा कपडा

खोटं बोलायला फकरुद्दीन अगदी नालायक माणूस. सौदीत कतीफमध्ये कुणाच्या घरी एसीचा कॉम्प्रेसर गेला असेल, तर मालकाच्या तोंडावर 'खलास' म्हणून मोकळा होणार, उगाच आशेला लावणार नाही. दम्माममधल्या कंपनीच्या खोलीत आम्ही दोघं. तो म्हसळ्याचा, एसी मेकॅनिक. मी चिपळूणचा, वायरमन. इतकी वर्षं शेजारी खाट टाकून काढली, पण त्याचं एकच खोटं मला माहीत आहे. तेही आईशी.

पहिल्यांदा तो उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, निघाला तेव्हा त्याच्या अम्माने, जुबेदाबाईंनी, फोनवर एकच गोष्ट मागितली. मक्केहून कफनाचं कापड, जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. आमच्याकडे म्हातारी माणसं गंगाजलाचा गडू जपतात ना, तसंच हे. फकरुद्दीन बसने अख्खं वाळवंट पार करून गेला, कापड घेतलं, भिजवलं, लॉजच्या गच्चीवर वाळवलं. परत येताना ती पिशवी त्याने मांडीवरून खाली ठेवली नाही.

पण अम्माच्या हातात काही त्याने ती दिली नाही. त्याचं कारण त्याचे बावा, म्हणजे वडील. त्यांनीही असंच कापड मागितलं होतं. फकरुद्दीनने ते कुणाकडून तरी आणवून दिलं आणि त्याच पावसाळ्यात बावा गेले. तेव्हापासून याच्या डोक्यात बसलं की कापड दिलं की माणूस जातं.

मी त्याला कितीदा झापलं. "अरे, म्हातारीने तोंडाने मागितलंय. देऊन टाक ना एकदाचं." त्यालाही पटायचं. प्रत्येक सुट्टीला तो पिशवी बॅगेत अस्तराच्या चेनीमागे ठेवायचा. गावी ओटीवर सगळ्यांसमोर बॅग उघडायची. खजूर, अत्तरं, पोरांची चॉकलेटं बाहेर यायची. मग अम्मा विचारायची, "माझा कपडा आनलास काय रे?"

"नाय गो अम्मा, इसरलो."

"बरा. फुडच्या खेपेला आन."

आणि कापड अस्तरामागून पुन्हा दम्मामला. "तुझं कापड आपल्या दोघांपेक्षा जास्त विमानात बसलंय," असं मी चिडवायचो. तो हसायचा नाही. परतीची बॅग अम्मा स्वतः भरायची. ती उघडली की सुक्या बोंबलांच्या वासातूनही वाळ्याचा वास यायचा. त्या घरात पेटीतल्या कपड्यांत वाळ्याच्या काड्या ठेवायची तिचीच पद्धत.

गेल्या उन्हाळ्यात तो कतीफला एका गच्चीवर युनिट खोलून बसला होता, तेव्हा बायकोचा, अफशाँचा, फोन आला. अम्मा गेली. कफीलची, म्हणजे तिथल्या मालकाची, सही, एक्झिट व्हिसा, तिकीट. काहीही केलं तरी त्या दिवशी पोचणं शक्य नव्हतं, आणि मय्यत कुणासाठी थांबत नाही. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर तिला दफन केलं, गावातल्या दुकानातून आणलेल्या कापडात.

खोलीवर आला तो हत्यारांचा पट्टा कमरेला तसाच. बॅगेजवळ बसला. "एकच चीज मागलेली तिने," एवढंच म्हणाला. मला त्याची दया आली आणि त्याचा रागही आला. मी उठून चहा ठेवला.

मग कित्येक दिवस त्याने त्या बॅगेला हात लावला नाही. एका शुक्रवारी म्हणाला, "इथं ज्यांचं कोनी नाय त्या मय्यतांना अंघोळ घालतात ना, त्या मशिदीत देऊन टाकतो. निदान कुनाच्या तरी कामाला येईल." देण्याआधी नीट बघून घ्यावं म्हणून त्याने घडी उलगडली, तर आतून वाळ्याची एक जुडी खाली पडली. पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली.

त्याने ती उचलून नाकाशी धरली. "मी नाय ठेवला हा."

त्याने तिथल्या तिथे अफशाँला फोन लावला. स्पीकरवर.

"अम्मानं कपडा बघितलेला?"

"दर सुट्टीला. तुमी बाजारात गेलात की काढायची, उन्हात घालायची, ताजा वाळा ठेवून परत तिथंच. मना बोलली, त्याला सांगू नको, द्यायला त्याचा हात होत नाय."

"मग मना विचारायची कशाला?"

"तुमच्या तोंडून इसरलो आयकायला. बोलायची, मी जावी असा अजून त्याला वाटत नाय."

फोन ठेवल्यावर तो रडला. बाप्या माणसाने असं मोकळं रडावं, हे मी या खोलीत पहिल्यांदाच पाहिलं. माझेही डोळे भरून आले, ते कशाला लपवू?

नमाजाची वेळ झाली तेव्हा मी कापड तसंच पिशवीत घालून दाराशी उभा राहिलो. त्याने ती माझ्या हातून काढून घेतली.

"नको. हा आता माझा. सुशील, मी इथंच गेलो तर तू नको इसरू."

"नाही विसरणार," मी म्हटलं. मग आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून कापडाची होती तशी घडी घातली आणि वाळा आत ठेवला.