दत्ताची ढाळज

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्याच्या ऑफिसात एका गिऱ्हाइकाला फोटो दाखवत होतो... कोकणातल्या आडबाजूच्या किनाऱ्यावर बांधलेल्या विश्रामगृहाचे. फोन ठेवला आणि अल्बम मिटला. ते काम माझं नव्हतं. तीन आठवडे झाले, आज लिहून टाकतो.

आम्ही दोघं कुंभार पिंपळगावचे. वास्तुकला सोबत शिकलो, ऑफिसही सोबत थाटलं. हे काम आलं तेव्हा मी तीनदा किनारा बघून आलो, भरतीची रेघ आखली, माडांची मापं घेतली, तरी कागद कोराच. दत्तानं तर समुद्र पाहिलेलाच नव्हता. दारातून आत आलं की लागते ती अंधारी बैठकीची जागा, आमच्याकडची ढाळज. गावाकडं आपल्या घराच्या ढाळजेत बसून त्यानं एका दुपारी नकाशा काढला. किनाऱ्यावरही पाहुणा आधी ढाळजेत शिरणार, समुद्र नुसता ऐकणार. समोर भिंत, भिंतीत बुटका झरोका, बसायला ओटा. ओट्याची उंची लिहिली होती, 'दीड वीत', म्हणजे जेमतेम तेरा-चौदा इंच.

"आल्या आल्या समुद्र द्यायचा न्हाई, सुध्या. आधी बसू दे पाव्हण्याला."

नकाशा मला फार आवडला, म्हणूनच सोसवेना. मालकानं फोनवर विचारलं, हे अंधारं दार बराबर वाटेल का? मी इतकंच म्हणालो, "दत्तानं समुद्र बघितलेला न्हाई, साहेब." त्यात खोटं काहीच नव्हतं. काम एकट्या माझ्याकडं आलं. दत्ता न भांडता गावी परतला, लोकांची घरं बांधत राहिला. थोड्या दिवसांनी तोच नकाशा मी नव्यानं रेखाटून, किनारा तीनदा बघितलाय असं सांगत, माझा म्हणून मालकाच्या गळी उतरवला. 'दीड वीत' वाचून हसलो आणि सरळ अठरा इंच केले. दाराशी माझ्या नावाची पितळी पाटी लागली.

पुढं एकदा तो वहिनींना घेऊन ते पाहून आला. भेटल्यावर एवढंच बोलला, "वट्टा उंच झाला रे." मला बरं वाटलं. म्हटलं, चला, हाही जळतो.

परवा त्याच्या घरी गेलो. ढाळजेत उभाच होतो, तर वहिनी म्हणाल्या, "बसा की भाऊजी, हे हितंच बसायचे." त्या बुटक्या ओट्यावर मांडी घातली आणि झरोका नजरेसमोर आला. अंगण, उघडं मागचं दार, त्यापलीकडं पार आभाळाला टेकलेलं कपाशीचं रान... उठून वाकून पाहिलं, तर नुसती अंगणातली फरशी. पुन्हा बसलो.

किनाऱ्यावर माझ्या ओट्यावर बसलं की झरोक्यातून फक्त वाळू दिसते. इतकी वर्षं मला वाटायचं, तो झरोका वाऱ्यासाठी आहे.

वहिनी चहा घेऊन आल्या. फोनवरचं ते वाक्य, नकाशा, पाटी, सगळं त्यांना सांगून टाकलं आणि उठायला लागलो.

"उठू नका," त्या म्हणाल्या. "च्या हितंच बसून घ्या."