ब्रेकर आला की उतरायचं

माझा धाकटा भाऊ दिनेश माझ्याशी शेवटचं बोलला ते एवढंच... "ताई, उतर जरा." त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, शर्ट घामानं चिंब झाला होता आणि घाटंजीहून यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यावर त्याचीच गाडी त्याची बायको रेखा चालवत होती. समोर एका गावाचा ब्रेकर आला होता. छातीत कळ घेऊन आडव्या पडलेल्या माणसाला ब्रेकर कळला कसा, याचं मला अजून नवल वाटतं. गाडीचा वेग मंदावला, त्यावरूनच त्यानं ओळखलं असावं. मी त्याचं डोकं हळूच सीटवर ठेवलं, दार उघडलं आणि उतरले. या गोष्टीला आता दीड-दोन महिने होतील. अजूनही कुठे गाडीचं दार वाजलं की मी उठून उभी राहते.

हे उतरणं काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर आम्ही सगळेच वेडे वाटू. दिनेशचं घाटंजीत टायरचं दुकान. वणीकडच्या एका कोळशाच्या ठेकेदाराची सात सीटची जुनी, दांडगी गाडी त्यानं घेतली. मुळात ती इतकी उंच होती की मला चढायला खाली पाट ठेवावा लागला असता. दिनेशनं महिन्याभरात तिच्या स्प्रिंगा कापून तिला खाली बसवली आणि वर मोठाली मॅगव्हीलची चाकं आणि रुंद टायर चढवले. ते मडगार्डमध्ये कसेबसे मावत. रोज सकाळी तो चारी चाकांपाशी उकिडवा बसून टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत बोट घालून बघायचा. "जाते, जाते," असं स्वतःशीच पुटपुटायचा आणि मगच चहा प्यायचा. गाडी दिसायची मात्र फुगून बसलेल्या बेडकासारखी. मी तसं म्हटलं की हसायचा. "बेडूक कधी पलटी झालेला पाह्यला का तू?"

पण या बेडकाला ब्रेकर ओलांडता येत नसे. आत माणसं बसली की गाडी आणखी दबायची आणि इंजिनाच्या खालचं तेलाचं चेंबर रस्त्याला टेकायला यायचं. एकदा उमरखेडला लग्नाला निघालो असताना ते ब्रेकरवर आपटून फुटलं. सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं, इंजीन बंद, आणि आम्ही नटूनथटून दुपारभर बाभळीखाली बसलो. तेव्हापासून नियमच झाला. ब्रेकर आला की चालवणारा सोडून सगळ्यांनी उतरायचं, चालत पलीकडे जायचं. तो गाडी तिरपी करून एकेक चाक अलगद चढवणार, मग पुन्हा सगळ्यांनी बसायचं. पाहुण्यांनाही सूट नव्हती. इस्त्रीच्या कपड्यांतल्या व्याह्यांना त्यानं भर बाजारात उतरवलेलं मी पाहिलं आहे. टपरीवरची माणसं विचारायची, "काहून जी, ढकलाची आहे का गाडी?" दिनेश त्यांच्याकडे बघून हात हलवायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि वळणावर टायर मडगार्डला घासून घर्र वाजला की मी सीटची कड धरून डोळे मिटून घ्यायची.

मी भित्री आहे हे लपवण्यात काही अर्थ नाही. शाळेत मी चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करत असे, पण गाडीत बसले की माझे हातपाय गार पडतात. त्याला कारण आहे. आम्ही लहान असताना वडिलांबरोबर काळीपिवळी जीपमधून बाजाराहून परत येत होतो. आत मावतील त्याच्या दुप्पट माणसं, टपावर पोती आणि वडील मागच्या फळीवर उभे, वरची दांडी धरून. दिनेश माझ्या मांडीवर होता. एका वळणावर जीप कलली. सगळ्यांना वाटलं, आता सावरेल... ती सावरली नाही. मला आठवतं ते एवढंच, की खिडकीत आभाळाच्या जागी जमीन आली. आम्हा दोघांना नुसतं खरचटलं. वडील जीपच्या खाली सापडले होते. पुढे कितीतरी वर्षं आम्ही त्या दिवसाबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. मी प्रवास टाळत आले आणि दिनेश मोठा होऊन टायरच्या धंद्यात गेला. मला वाटे, हा विसरला.

गाडीचं हे सोंग बघून मी एकदा त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. "पोट्ट्याईचे थेरं हायेत हे. पन्नाशीत शोभते का तुले? काहून केलं असं?" तो अंगणात टायर धूत होता. पाइप खाली ठेवला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "उंच गाडीत बसलो का मले बाबा दिसते, ताई. वळन आलं का वाटते, गेली आता... गेली. हे गाडी जमिनीले धरून चालते. पाय फाकवून उभा राह्यलेला मानूस पडते का? तसंच हाय हे." मग पुन्हा पाइप उचलून म्हणाला, "ब्रेकरवर उतरनं परवडते. पलटी नाई परवडत." त्याच्या नखांत काळं ऑइल होतं. घाबरण्यात आम्ही दोघं सख्खे बहीण-भाऊ निघालो. त्या दिवसानंतर मी गाडीला नावं ठेवली नाहीत. ब्रेकर दिसला की त्यानं सांगायच्या आधीच माझा हात दाराकडे जायला लागला. तरी तो म्हणायचाच, "ताई, उतर जरा."

त्या दिवशी आम्ही माझे डोळे दाखवायला यवतमाळला निघालो होतो. कापूस वेचणी चालू होती, शेताशेतांत बाया दिसत होत्या. दिनेश गाडी चालवता चालवता बोलत होता आणि बोलता बोलता गप्प झाला. त्यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, "रेखा, तू घे," एवढं म्हणाला आणि स्टिअरिंगवर वाकला. रेखाला त्यानंच गाडी शिकवली होती. आम्ही दोघींनी त्याला मागच्या सीटवर कसं आणलं ते मला आठवत नाही. फोन केला तर रुग्णवाहिका दुसऱ्याच गावाला गेलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत उभं राहायचं की निघायचं? रेखानं गाडी सुरू केली. मी फक्त त्याच्या छातीवर हात ठेवून, ती वरखाली होते की नाही तेवढं बघत होते.

पहिला ब्रेकर दिसला तेव्हा मी म्हणाले, "ने तशीच. थांबू नको." रेखा मागे न वळता म्हणाली, "चेंबर फुटलं त इथंच राहून जाऊ, ताई. मंग याईले कसं नेऊ?" तिचंही खरं होतं. तेवढ्यात दिनेश बोलला, नेहमीचंच, फक्त आवाज विहिरीतून आल्यासारखा... "ताई, उतर जरा." मी उतरले. गाडी तिरपी झाली, खालून खरड ऐकू आली आणि मी खिडकीची कड धरून गाडीबरोबर चालत राहिले. आत त्याचं डोकं सीटवर इकडून तिकडे हलत होतं. पलीकडे गेल्यावर मी आत बसले आणि ते पुन्हा मांडीवर घेतलं. डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होते.

पुढच्या गावाला पुन्हा ब्रेकर. रेखानं वेग कमी केला. मी दिनेशच्या तोंडाकडे बघत बसून राहिले. त्याचे ओठ हलले नाहीत. इतकी वर्षं ज्या शब्दांनी मला चारचौघांत लाज आणली, ते शब्द त्यानं आता म्हणावेत म्हणून मी वाट बघत होते. माझ्या हाताखाली छाती हलते आहे की गाडीच थरथरते आहे, हे मला कळेना. रेखानं आरशातून विचारलं, "काय म्हणते ते?" मी म्हणाले, "काई नाई. उतरून राह्यली मी." उतरले. या खेपेला खिडकीची कड धरली, पण आत बघायचा धीर मला झाला नाही. त्या रस्त्यावर आणखी ब्रेकर होते. प्रत्येकाला मी त्याचं डोकं खाली ठेवलं, उतरले, चालले आणि पुन्हा बसले.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून मान हलवली. लवकर आणलं असतं तर, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तरीही काही सांगता आलं नसतं. हे वाक्य मी रोज उलटंपालटं करून बघते. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जमलेली माणसं दबक्या आवाजात बोलत होती, "गाडीनंच घात केला." पलटी होऊन मरायचं नाही म्हणून ज्यानं गाडी जमिनीला टेकवली, त्याची भीती या माणसांना कशी समजावणार होते मी?

रेखानं मागच्या महिन्यात गाडीला नव्या स्प्रिंगा बसवून घेतल्या आणि जुनी चाकं परत लावली. मोठी चाकं दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून ठेवली आहेत. "दुकानासाठी गाडी त लागतेच, ताई," ती म्हणाली, "पन थ्या ब्रेकरवर मले पुन्हा तसं थांबनं होनार नाई." माझे डोळे दाखवायचं राहिलंच होतं, म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही दोघी निघालो. निघण्यापूर्वी ती दिनेशसारखीच चाकापाशी उकिडवी बसली आणि फटीत बोट घातलं. बोट काय, मनगटापर्यंत हात आत गेला. उठून तिनं माझ्यासाठी दार उघडलं. मी तिच्या हाताला धरून वर चढले. इतक्या उंचावरून रस्ता दूर दिसत होता. पहिल्याच वळणावर मला खिडकीत जमीन दिसली, नसताना दिसली, आणि मी दोन्ही हातांनी सीट धरली. तो असता तर त्यानंही धरली असती.

मग तो पहिला ब्रेकर आला. रेखानं वेग कमी केला आणि गाडी उभीच केली. थांबायची काही गरज नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. माझा हात दाराच्या कडीवर होता. आम्ही दोघी समोर बघत, वाट बघत बसलो... मागून कापसाच्या ट्रकनं हॉर्न दिला. रेखानं पदरानं तोंड पुसलं, गिअर टाकला आणि गाडी सरळ ब्रेकरवर घातली. खाली काहीच घासलं नाही.