दादांच्या हाकेला आलेला मूस

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून एरवी माझं काही लपत नाही, ती तोंड बघून ओळखते. हे मात्र तिला नऊ वर्षांत ओळखता आलेलं नाही. किडकी दाढ असते ना, तसं झालंय. दुखत नाही, पण त्या बाजूने चावायचं नाही एवढं आपल्याला ठाऊक असतं.

सुरुवात कुठून करू? भाईंदरच्या जेसल पार्कच्या खाडीकाठापासून करतो, कारण ते सोपं आहे. संध्याकाळी तिथल्या कट्ट्यावर चार-पाच म्हातारे बसलेले असतात. त्यांतले एक माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आम्हा आगऱ्यांच्या बऱ्याच घरांत वडिलांना दादाच म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, कान शाबूत, आवाज तर विचारूच नका. कट्ट्यावर कुणी नवा माणूस आला की त्याला चहा मिळायच्या आत दादांची गोष्ट मिळते. कॅनडाच्या जंगलात दादांनी हाक मारली आणि रेड्याहून थोराड जनावर समोर येऊन उभं राहिलं, ती गोष्ट.

सांगतात झकास. शिंगं दाखवायला दोन्ही हात असे पसरतात की शेजारच्याला सरकावं लागतं. आणि शेवटी कुणीतरी विचारतंच, "फिर मारा क्या उसको?"

"नहीं रे! कौन मारेगा? वापस गया. मेरे बेटे को पूछो, वो था ना बाजू में."

मी बहुधा त्यांना घरी न्यायला आलेला असतो. सगळे माझ्याकडे बघतात. मी म्हणतो — हो, वापस गया.

तो वापस गेला नाही. त्याला मारलं. आणि दादांनी त्याला बोलवावं, अशी तजवीज मी केली होती.

हे एवढं लिहून मी उठलो होतो. पाणी प्यायलो, गॅलरीत जाऊन आलो. पण नुसतं एवढंच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, शिकारीला गेलात, जनावर मेलं, त्यात एवढं काय? आम्ही काही गवत खाणारी माणसं नाही. दादांच्या ताटात आठवड्यातून चार दिवस मासळी असते आणि बकऱ्याचं मटण कसं कापून घ्यायचं हे ते खाटकाला शिकवतात. मारण्याचं त्यांना वावडं नाही. गोष्ट वेगळी आहे. ती कळायला तुम्हाला चंद्री माहीत हवी.

चंद्री म्हैस होती. भाईंदरला आमची खाजणातली, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतली, भातशेती होती, मिठागरात वाटा होता आणि दावणीला म्हशी. (आता तिथे काय आहे? इमारती आहेत, आणखी काय असणार!) खाजणात चरायला गेलेल्या म्हशींना दिवस कलला की दादा हाक मारायचे. हाकेत शब्द नसायचा. म्हैस आपल्या पारडाला बोलावते तसा नाकातून आणि घशाच्या तळातून काढलेला लांब आवाज. चंद्री ती हाक ऐकून गुडघाभर चिखल तुडवत यायची. दुसऱ्या कुणाला दाद द्यायची नाही. पुढे ती भाकड झाली आणि आजोबांनी तिला कसायाला द्यायचं ठरवलं. माणसं न्यायला आली, तर ही खाजणातून बाहेरच येईना. तेव्हा आजोबा दादांना म्हणाले — दादा सोळा वर्षांचे होते — तू हाक मार. दादांनी मारली. ती आली. गळ्यात दोर पडला तेव्हा ती दादांकडेच बघत होती.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मी कॉलेजात असताना. म्हणाले, "आपल्या हाकेला आलेल्या जनावराला धोका द्याचा न्हाय. मी दिला." मग उठून मासळी साफ करायला बसले. त्या दिवसापासून त्यांनी ती हाक मारली नव्हती. नंतर दावणीला म्हशी होत्या तोवर चालत जाऊन आणायचे.

म्हणजे मला ठाऊक होतं. मला काही माहीतच नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

मी तेव्हा कॅनडाच्या उत्तरेला एका लाकूड कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करत होतो. चार वर्षं झाली होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे एका लांब टेबलाला बसायचे आणि मी माझा डबा घेऊन खिडकीशी. कुणी हाकललं नव्हतं हो — बोलावलंही नव्हतं. दर शरदात त्यांची सात-आठ जणांची टोळी मूसच्या शिकारीला जायची. मूस म्हणजे तिकडचं सांबर समजा, पण रेड्याहून उंच, लोंबत्या नाकाचं आणि सुपासारख्या पसरट शिंगांचं. सगळ्या टोळीला मिळून एकाच जनावराचा परवाना असे. आठवडाभर तळ्याकाठच्या लाकडी खोलीत राहायचं आणि मग वर्षभर त्याच गप्पा. त्या वर्षी त्यांच्यातला म्होरक्या, डग, मला म्हणाला, येतोस का? मला काय वाटलं ते आता सांगायला लाज वाटते. लग्न ठरल्यावरही मी एवढा हरखलो नव्हतो.

आई जाऊन सहा महिने झाले होते आणि दादा माझ्याकडे आले होते. बायकोची ड्युटी असायची. दिवसभर त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं? डग म्हणाला, घेऊन ये. दादा आले, केशरी जाकीट घालून, पिशवीत घरचा मसाला घेऊन. तळ्यातल्या माशांचं कालवण त्यांनी त्या लोकांना खाऊ घातलं. घाम पुसत, नाक ओढत खाल्लं सगळ्यांनी. मला चार वर्षांत जमलं नाही ते दादांनी दोन दिवसांत केलं.

मूस मात्र मिळेना. त्या दिवसांत नर मादीच्या शोधात असतो, म्हणून झाडाच्या सालीचा कर्णा करून त्यातून मादीसारखा आवाज काढतात. डग रोज काढायचा, काही येत नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी तो खोलीबाहेर सराव करत बसला होता. दादांना हसू आलं. त्यांनी कर्णा मागून घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि आवाज काढला.

तीच हाक. मी ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. का मारली असेल त्यांनी, इतक्या वर्षांनी? आई गेल्यावर पहिल्यांदाच ते हसत होते, म्हणून असेल. घरापासून इतक्या लांब त्यांना वाटलं असेल, इथे काय होणार आहे!

तळ्यापलीकडून उत्तर आलं. एकदाच, खोल, घोगरं. आणि सगळ्यांनी वळून बघितलं — दादांकडे नाही, माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दादांना तळ्याच्या काठावर घेऊन गेलो. त्यांनी वाटेत विचारलं होतं. स्पष्ट विचारलं होतं. "माराला न्हाय ना?" मी म्हणालो, "नाही दादा. आपल्याकडे बंदूक कुठाय? फक्त फोटो काढायचाय." खरंच आमच्याकडे बंदूक नव्हती. बंदूक डगकडे होती, आणि डग सुरूसारख्या दाट झाडांच्या रांगेपलीकडे, पाण्याकडे तोंड करून बसला होता. माझ्याकडे वॉकी-टॉकी होता. जनावर झाडांच्या मागच्या बाजूने निघालं तर बटण दोनदा दाबायचं, बोलायचं नाही. डगला खरखर ऐकू गेली की तो मागे वळणार. एवढंच माझं काम.

दादांनी हाक मारली. थांबले. पुन्हा मारली. आणि तो आला हो! पाण्यातून, चिखलातून, काही घाई न करता. शंभर पावलांवर थांबला, झाडांच्या आमच्या बाजूला, डगला दिसणार नाही असा. अंगातून वाफ निघत होती. दादांनी माझा हात घट्ट धरला, डावा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ओठ न हलवता म्हणत होते, "बग, बग, आला."

तो बराच वेळ उभा राहिला. मादी दिसेना तेव्हा वळला आणि झाडांच्या मागच्या बाजूने निघाला. डगची त्याच्याकडे पाठ होती. पुढे दाट जंगल. तो गेला असता. मी काही केलं नसतं तर तो आपला निघून गेला असता, आणि मी डगला सांगितलं असतं, आलाच नाही. कुणाला कळणार होतं?

माझा डावा हात दादांच्या हातात होता. उजव्या हाताने मी खिशातलं बटण दोनदा दाबलं.

घाबरून नाही. गोंधळून नाही. मला तेव्हा ते लांब टेबल दिसत होतं, आणि त्याच्याशी माझी खुर्ची.

तो झाडांआड दिसेनासा झाल्यावर दादांनी आणखी एक हाक मारली. बारीकशी, कर्ण्याशिवाय. निरोप दिल्यासारखी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गेला. बरं झालं. चंद्रीच्या नंतर आज बरं वाटलं." आणि बार झाला.

ते दचकले. मी म्हणालो, पलीकडे बदकं आहेत, बदकांवर मारलं असेल. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. मग त्यांना थंडी बाधेल म्हणून तासाभरात गाडीत बसवलं आणि घरी निघालो. निघताना सगळे जण येऊन दादांचा हात हातात घेत होते, पाठ थोपटत होते. डग म्हणाला, तुझ्या वडिलांमुळे आम्हाला मूस मिळाला. दादांनी विचारलं, काय म्हणतो? मी सांगितलं, असा आवाज आम्ही जन्मात ऐकला नाही, असं म्हणतोय. दादा लाजले. चक्क लाजले.

माझ्या वाटणीचं मांस मी घेतलं नाही. हे सांगून मी काही पुण्य पदरात पाडून घेत नाहीये. घरी आणलं असतं तर दादांनी विचारलं असतं, म्हणून घेतलं नाही. त्या लांब टेबलाशी मला जागा मिळाली. तीन वर्षं बसलो तिथे. मग नोकरी सोडून भाईंदरला परत आलो. त्या टेबलावरच्या एकाचाही फोन आजपर्यंत आलेला नाही, मीही केला नाही.

खरं सांगायचं अनेकदा मनात आलं. पण मग दादा कट्ट्यावर हात पसरून बसलेले दिसतात. खाजणाच्या काठी सोळाव्या वर्षी जे त्यांच्याकडून झालं, ते त्या तळ्यावर पुसलं गेलं अशी त्यांची समजूत आहे. आईच्या मागे त्यांना झालेला मोठा आनंद म्हणजे एवढाच. तो काढून घेणारा मी कोण? — बघा, हेही मला सोयीचंच आहे. त्यांच्यासाठी गप्प आहे असं म्हटलं की मला झोप लागते.

यंदा फेब्रुवारीत त्यांची बायपास झाली. आत नेण्याआधी हिरवा गाऊन घालून पडले होते, दात काढून ठेवलेले, एवढंसं तोंड झालं होतं. माझा हात धरून म्हणाले, "तो परत गेला कसा, ता सांग ना. मना झाडांनी दिसला न्हाय."

काय सांगायचं होतं मी? सांगितलं. अंग झाडलं त्याने, पाणी उडालं. मग सावकाश झाडांत शिरला. आणि दादा, जाताना तो थांबला, वळून तुमच्या बाजूला बघितलं त्याने. दादा बोळक्या तोंडाने हसले. तसेच हसत आत गेले.

ऑपरेशन नीट झालं. आता ते पुन्हा कट्ट्यावर जातात, आणि गोष्टीत एक वाक्य वाढलंय. जाताना त्याने वळून माझ्याकडे बघितलं, मी या डोळ्यांनी बघितलं, असं सांगतात. छातीवर हात ठेवून सांगतात.

त्या सगळ्या खोट्यात तेवढं एक खरं आहे. त्या सकाळी डगने मला बाजूला नेऊन सांगितलं होतं. खरखर ऐकून तो वळला तेव्हा मूस जंगलाच्या तोंडाशी पोचला होता, नेम धरायला वेळच नव्हता. तेवढ्यात दादांची ती बारीक हाक आली. मूस थांबला, वळला, आवाजाच्या दिशेने बघत उभा राहिला. तसा उभा राहिला म्हणून मारता आला.

मी बटण दाबलं नसतं, तर ती नुसती निरोपाची हाक राहिली असती.